जयूच्या गळ्यातली नळी

वर्धा
१४ ऑक्टोबर १९८१

प्रिय भागीरथाताई,

जयूला घरी नेऊन चार दिवस झाले आणि तुझं साधं कार्डही नाही. तुझ्या आईनं, आमच्या मावशीनं, तुला सातवीपर्यंत शिकवलं ते काय वाणसामानाच्या याद्या करायला? मी इथे रोज टपालवाल्याचं तोंड बघते.

डॉक्टर म्हणाले, सगळं लेखी देऊन ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाला लागलं तर वाचता येईल. म्हणून तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते. हे पत्र भिंतीला टाचून ठेव.

सदतीस दिवस जयू आमच्या वॉर्डात होती. जामच्या चौकात मोटारसायकलनं उडवली तेव्हा तिच्या डोक्याला जो मार बसला, तो आता हळूहळू उतरतो आहे. पण तिला अजून पुरती शुद्ध नाही आणि खोकून कफ बाहेर टाकायची ताकद नाही. म्हणून गळ्याला भोक पाडून ती धातूची नळी बसवली. श्वास तिथूनच. कफही तिथूनच काढायचा. वॉर्डात न्यूमोनियाची साथ नसती तर मी तुला एवढ्यात सोडलंच नसतं. डॉक्टरांनी घरी पाठवलं ते माझ्या शब्दावर, की आई शिकली आहे आणि आईच करील.

तर ऐक. छातीत घरघर वाजली तरच कफ काढायचा, उगाच तासातासानं नाही. हात साबणानं धुवायचे, रबरी नळी उकळलेलीच घ्यायची. एकानं पायानं कफ ओढायचं मशीन मारायचं आणि दुसऱ्यानं रबरी नळी धरायची. आत सरकवताना ती चिमटीत दाबून ओढ बंद ठेवायची. काढताना चिमटी सोडून बोटांत फिरवत काढायची. गळ्यातली आतली नळी रोज काढून धुवायची, उकळायची. उशी उंच, मान सरळ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रबरी नळी आत असते तेवढा वेळ जयूला पुरती हवा मिळत नाही. धडधाकट डोक्याला ते चालून जाईल, पण मार लागलेल्या मेंदूला हवेची तूट म्हणजे दुसरा मार. म्हणून नळी आत घालताना तू स्वतःचा श्वास धर. तुला हवा हवीशी वाटली की तिलाही हवी आहे असं समज आणि नळी बाहेर काढ. आमच्या प्रमिलाबाई सिस्टरांनी मला हे शिकवलं, मी आजवर तीसेक आयांना शिकवलं. घड्याळ सगळ्यांच्या घरी नसतं, श्वास असतो.

उलट टपाली लिही.

तुझी,
कांता


जाम
१९ ऑक्टोबर

प्रिय कांता,

तुझं पत्र भिंतीला टाचलं. सासूबाई येता-जाता त्याला हात जोडतात, देवाचं काही आहे असं समजून. मीही सांगायला गेले नाही. हात जोडल्यानं कोणाचं काय बिघडतं?

तू सांगितलंस तसंच सगळं चाललं आहे. सासूबाई मशीनवर पाय मारतात, नळी मी धरते. जयूचे बाबा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये, सीझन लागला म्हणून फक्त शनिवारी येतात. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गुरांचं पाहतात. घर भरलेलं आहे, तू काळजी करू नको. गावातले लोक मात्र जयूला पाहायला येतात आणि गळ्यातली नळी पाहून दारातूनच परत जातात. एकीनं तर नारळ आणला होता, तो ठेवायचा कुठे ते तिला कळेना.

आनंदाची गोष्ट म्हणजे परवा जयूनं माझं बोट धरलं. उजव्या हातानं, चांगलं घट्ट. मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले. चुलीवर भाजी करपली आणि कोणी मला बोललं नाही.

एक विचारायचं होतं. कफ काढून झाला की तिचा चेहरा काळवंडतो, ओठ जांभळे होतात. दोनदा तर तिनं हातपाय ताठ केले, डोळे वर गेले. थोड्या वेळानं आपोआप ठीक झाली. वॉर्डात असं होत नव्हतं ना? की होत होतं आणि माझं लक्ष नव्हतं?

तुझी,
भागीरथा


वर्धा
२२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

बोट धरलं, ते वाचून मी वॉर्डभर सांगत सुटले. प्रमिलाबाईंनी साखर दिली.

पण दुसरं वाचून तोंड कडू झालं. नाही, वॉर्डात असं कधीच होत नव्हतं. ओठ जांभळे होणं म्हणजे हवा कमी पडणं आणि हातपाय ताठ होणं म्हणजे मेंदू ओरडून सांगतो आहे. मला वाटतं, रबरी नळी जाड पडते आहे. जाड नळीनं गळ्यातली वाट अडते, बाजूनं हवा जायला जागा उरत नाही. पार्सलनं बारीक नळ्या पाठवते आहे, जुन्या फेकून दे. आणि नळी फार खोल घालत नाहीस ना? अडलं की जरा मागे घ्यायची.

वेळेबद्दल मी तुला बोलत नाही. तो नियम तुझ्या हातात सुरक्षित आहे. नाचणगावला असताना नदीवर डोकं बुडवायची पैज लागली की मोजून पाचव्या आकड्याला धापा टाकत वर येणारी तू. तुझ्याइतका कमी दम अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणाचा नसेल. या कामाला तोच बरा.

बारीक नळीनं काय फरक पडतो ते चार दिवसांत कळव.

कांता


जाम
२९ ऑक्टोबर

प्रिय कांता,

नळ्या मिळाल्या. त्याच वापरतो. ओठ जरा कमी काळे होतात, एवढाच फरक. ताठ होणं मात्र थांबलं नाही. काल तीनदा झालं. दिवाळीचे दिवस, घरात दिवा लावला, फराळाला तेल तापवलं नाही.

कांता, ती आता बोट धरत नाही. डाव्या हातात देते तर धरते, उजव्यात दिलं तर हात तसाच पडून राहतो. मी रोज सकाळी देऊन पाहते. सासूबाई म्हणतात, थकली असेल. मीही तसंच म्हणते, पण मला ते पटत नाही.

आम्ही काही कसूर करत नाही. कफ थोडाही आत राहू देत नाही. एकेका वेळी एवढा वेळ लागतो की मशीन मारता मारता माझा पाय भरून येतो, पोटरी दगडासारखी होते. तरी सगळं तुझ्या पत्राप्रमाणे. तुझ्या नियमाबाहेर एक पाऊल नाही.

तू एकदा येऊन जा. नाही तर डॉक्टरांना विचार, आणखी काही औषध आहे का?

भागीरथा


वर्धा
३१ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मशीन मारता मारता तुझा पाय भरून येतो?

तू तर लिहिलं होतंस, मशीनवर सासूबाई आणि नळी तुझ्या हातात. पाय तुझा भरून येत असेल तर नळी कोणाच्या हातात असते? आणि पोटरी दगड होईपर्यंत मशीन कशाला मारावं लागतं? इथे आम्ही चारसहा वेळा पाय मारतो, तेवढ्यात एक खेप होते.

मला चिडवायचं असेल तर दुसरा विषय शोध. तुझी बहीण म्हणून नाही, नर्स म्हणून विचारते आहे. जयूच्या गळ्यात नळी कोण घालतं? खरं लिही, आणि याच टपालानं लिही.

कांता


जाम
३ नोव्हेंबर

कांता,

खोटं लिहिलं होतं. नळी मी धरत नाही. एकदाही धरली नाही.

तुझ्यासमोर वॉर्डात माझा हात थरथरत नव्हता, कारण बाजूला तू उभी होतीस. घरी आलो त्याच दुपारी जयूच्या छातीत घरघर सुरू झाली. मी नळी उचलली, आणि ती गळ्याच्या भोकात जाण्याऐवजी बांधलेल्या पट्टीलाच लागत राहिली. दोनदा, तीनदा. जयूचे डोळे माझ्याकडे. मामाजी दारात उभे होते. ते आत आले, हात धुतले आणि म्हणाले, "दे इकडं. काय करा लागते तेवढं सांग."

मी सांगितलं. चिमटीत दाबून आत, सोडून बाहेर. आणि तुझा तो नियम, की आपण श्वास धरायचा, आपल्याला हवा लागली की नळी काढायची. त्यावर ते हसले. म्हणाले, "हे तं माह्यं नेहमीचंच काम आहे." पहिल्याच वेळी नळी अशी सुतासारखी आत गेली की मी पाहतच राहिले. तेव्हापासून नळी त्यांच्याकडे आणि मशीन माझ्याकडे. मी डोळे मिटून पाय मारते, मला पाहवत नाही. आई असून पाहवत नाही. हे तुला कोणत्या तोंडानं लिहू? डॉक्टरांनी तुझ्या शब्दावर सोडलं होतं, आईच करील म्हणून. वाटलं, कळलं तर जयूला पुन्हा न्यूमोनियाच्या वॉर्डात नेऊन ठेवतील.

पण मामाजींच्या हाताला नाव ठेवू नको. तुला ठाऊक नसेल, मामाजी विहिरीत बुडी मारून पडलेल्या वस्तू काढतात. जाम काय, आसपासच्या वीस गावांत कोणाची बादली, कोणाची घागर, कोणाच्या मोटारीचा पाइप पडला की आमच्याकडे माणूस येतो. तळाशी अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून दोर बांधतात आणि गाठ कधी सुटत नाही. दम तर असा, की काठावरचे लोक मोजायला लागतात. शंभर होतात, सव्वाशे होतात, बायका रडायच्या बेतात येतात, तेव्हा हे वर येतात आणि विचारतात, "काऊन, काय झालं?" साठी उलटली तरी तसाच दम आहे.

आणि तुझा नियम ते मनापासून पाळतात. स्वतःचा श्वास संपल्याशिवाय कधी नळी काढत नाहीत. म्हणतात, पोरीच्या छातीत कणभर ठेवायचा नाही.

आता रागव. पण औषध लिही.

भागीरथा


(चिठ्ठी, समुद्रपूर गाडीच्या कंडक्टरबरोबर. जामच्या चौकातल्या पानठेल्यावर द्यावी. भागीरथाबाईचे सासरे नत्थूजी यांच्या घरी आत्ताच्या आत्ता पोचवावी.)

५ नोव्हेंबर, सकाळ

ताई, नळीला पुन्हा हात लावण्याआधी हे वाच. मामाजींनी श्वास धरायचा नाही. तो नियम बंद. नळी आत गेली की मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं. दहाला नळी बाहेर, कफ निघो न निघो. मग जयूला दहाबारा श्वास घेऊ द्यायचे आणि मगच दुसरी खेप. तीन खेपांवर नाही. यात कोणासाठी काही बदल नाही.

कांता


वर्धा
५ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

चिठ्ठी पोचली असेल. कंडक्टरला मी शपथ घातली आहे.

आता कारण लिहिते. माझा नियम साध्या माणसाच्या छातीसाठी होता. तुझी छाती, माझी छाती, नळी धरताना आधीच घाबरलेली. अशा माणसाचा श्वास दहाबारा आकड्यांत संपतो. मामाजींचा संपत नाही. तेवढा सगळा वेळ जयूच्या गळ्यातली हवा मशीन ओढत होतं. ओठ काळे पडत होते ते त्यानं. ताठ होत होती ती त्यानं. ती तगली याचं कारण पायाच्या मशीनची ओढ कमी असते, आणि नंतर नळी बारीक आली.

मी तीसेक आयांना हा नियम शिकवला आणि एकीलाही विचारलं नाही की घरी नळी कोणाच्या हातात जाणार. तू खोटं लिहिलंस त्याचा राग आला होता. मग वाटलं, मी विचारलं असतं तर तुला खोटं लिहावंच लागलं नसतं. सकाळपासून हात कामात आहेत आणि डोकं जाममध्ये आहे.

मामाजींना कारण सांगू नको. डॉक्टरांनी नवा नियम काढला एवढंच सांग. ते हे काम जिवापाड करत होते, त्यांना कळलं तर ते कसं पेलतील मला ठाऊक नाही. रविवारी सुट्टी मिळाली आहे. पहिल्या गाडीनं येते, जयूला तपासते, आणि तुझ्या हातात नळी देऊन समोर उभी राहते. तुझा हात थरथरू दे. थरथरत्या हातानंही नळी जाते.

कांता


जाम
२० नोव्हेंबर

प्रिय कांता,

तू येऊन गेलीस त्याला बारा दिवस झाले. जयूचं ताठ होणं चिठ्ठी आली त्या दिवसापासून बंद आहे. एकदाही नाही. ओठ काळे होत नाहीत. काल तिला चमच्यानं पेज भरवली, तिनं गिळली आणि दुसऱ्या चमच्याला तोंड उघडलं. उजवा हात मात्र अजून तसाच. तू दाखवलास तसा व्यायाम देते.

तुझ्यासमोर नळी घातली तेव्हापासून मीच घालते. भीती गेली नाही, पण नळी आत जाते. सासूबाई खरोखरच मशीनवर पाय मारतात आता, आणि प्रत्येक खेपेला मारुतीचं नाव घेतात.

मामाजींना मी तू सांगितलंस तेच सांगितलं. त्यांनी दोन दिवस दहा मोजून काम केलं. तिसऱ्या दिवशी नळी माझ्या हातात दिली आणि गोठ्यात जाऊन बसले. आज सकाळी म्हणाले, कांताले पत्र लिव्ह, मी सांगतो तसं, एक शब्द इकडचा तिकडे करू नको. समोर बसले आहेत. त्यांचं खाली लिहिते.

"कांता बाई, सूनबाई म्हणते डॉक्टरनं नवा नियम काढला. डॉक्टरनं नाई काढला. तुही चिठ्ठी आली अन् त्याच दिवशी पोट्टीचं ताठ होणं बंद झालं. मी अंगठाछाप आहे, पण येवढं मले समजते. विहिरीत उतरतो तवा माह्या छातीत हवा भरलेली राह्यते. पोट्टीच्या छातीत काय होतं? तिच्या छातीतली मी ओढून घेऊन राह्यलो होतो, अन् आपली धरून बसलो होतो. सव्वीस दिवस. दिवसातून आठ-दहा डाव. तिचा हात माह्यापायी गेला का? हो का नाई, तेवढं लिव्हजो. मले बरं वाटावं म्हणून काही लिव्हू नको."

एवढंच. मी पदरचं काही घातलं नाही.

भागीरथा


वर्धा
२३ नोव्हेंबर

आदरणीय मामाजी,

सा. न.

ताई हे तुम्हाला वाचून दाखवेल. तिनंही शब्द गाळू नये.

हो की नाही तेवढं लिही म्हणालात. मला तेवढं लिहिता येत नाही, कारण मला ते माहीत नाही. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जयूच्या डोक्याला मार डावीकडे आहे आणि डावीकडच्या मारानं उजवा हात जाऊ शकतो. मग मी सांगितलं की घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ती उजव्या हातानं बोट धरत होती. त्यावर ते म्हणाले, मग दोन्ही कारणं असू शकतात. म्हणजे काही भाग मोटारसायकलचा आणि काही भाग त्या सव्वीस दिवसांचा असू शकतो. किती कोणाचा, ते कोणताही डॉक्टर सांगणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी यातलं काही कमी केलं नाही.

पण खरंच लिहायचं तर पुरतं लिहिते. दोष द्यायचा असेल तर पहिला माझा. तुम्ही माझा नियम मोडला नाही, तुम्ही तो पाळलात. चुकीचा नियम मी दिला. आणि हेही तितकंच खरं, की त्या पहिल्या दुपारी तुम्ही हात धुऊन पुढे आला नसता तर जयू तिथेच कफानं गुदमरली असती. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

जानेवारीत तिला इकडे घेऊन या. तब्येत अशीच राहिली तर गळ्यातली नळी काढायची तयारी सुरू करू. नळीचं तोंड बुचानं थोडा थोडा वेळ बंद करायचं, म्हणजे तिला नाकातोंडानं श्वास घ्यायची सवय होते. मग रोज घरी तेच. त्याला घाबरून चालत नाही आणि घाई करूनही चालत नाही. असा माणूस घरात हवा.

आपली,
कांता


वर्धा
२० डिसेंबर

ताई, महिना होत आला, पत्राला उत्तर नाही. मी मामाजींना लिहिलं ते चुकलं का? जयू कशी आहे तेवढं तरी कळव. कार्ड सोबत जोडून पाठवते आहे, पत्ता घालून. आता तरी बहाणा नको.

कांता


जाम
६ जानेवारी १९८२

प्रिय कांता,

कार्ड पुरणार नाही म्हणून पाकीट. तुझं पत्र चुकलं नव्हतं. मामाजी सांगतील तेच लिहायचं म्हणून थांबले होते. जयू बरी आहे, बाकी मामाजी सांगतात. त्यांनी मला हात धरून बसवलं आहे.

"कांता बाई, तुह्यं पत्र मी सूनबाईकडून तीनदा वाचून घेतलं. नळी सूनबाईले देल्ली तवापासून मशीनले हात नाई लावला. सूनबाई नळी घाले, घरवाली पाय मारे, अन् मी गोठ्यात जाऊन बसो. विहिरीवर बी नाई गेलो. दोन गावची माणसं बादलीसाठी आलती, त्यायले वापस धाडलं.

परवा सोमवारी सूनबाई चक्कीवर गेली, घरवाली कापूस वेचाले. घरात मी अन् पोट्टी. दुपारची येळ. तिच्या नळीतून शिट्टीवाणी आवाज आला, मंग तो बी बंद झाला. पाह्यलं तं पोट खालवर होऊन राह्यलं, पण नळीतून हवा नाई. सूनबाईले हाक मारायले दारापर्यंत गेलतो. मंग फिरलो. चक्की गावाच्या त्या टोकाले आहे.

हात धुतले. आतली नळी काढून पाह्यली, ते साफ होती. गठ्ठा खाली अडकला होता. सूनबाई टाकते तसे मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. पाय मशीनवर ठेवला, रबरी नळी हातात घेतली, अन् मोठ्यानं मोजलं. दहा झाले. काही नाई निघालं. बाई, नळीच्या टोकाले गठ्ठा लागला होता, माह्या बोटाले समजे. अजून चार आकडे थांबलो असतो तं आला असता, असं वाटे. विहिरीच्या तळाशी कडीले बोट लागल्यावर मी रिकाम्या हातानं वर आलो, असं जिंदगीत नाई झालं. पण दहाले काढली. तिले जेवढा येईन तेवढा श्वास घेऊ देल्ला. मंग पुन्हा दहा. पुन्हा काढली. पोट्टी निळी पडून राह्यली होती. मी अजून मोठ्यानं मोजे. शेजारच्या अनुसयाबाईले वाटलं म्हातारा पागल झाला, एकटाच पाढे म्हणून राह्यला. ते धावत आली.

तिसऱ्या डावात आठले गठ्ठा बाहेर आला. ज्वारीच्या दाण्यायेवढा, काळा. पोट्टीनं श्वास घेतला. मी खाली बसलो, अन् अनुसयाबाईसमोर रडलो. लाज नाई वाटली.

तुले येक सांगतो. तिचा हात माह्यापायी गेला का नाई, ते मले मरेपर्यंत समजणार नाई. ते मी माह्यावर घेतलं. पण दोन महिने गोठ्यात जाऊन बसलो, ते काही पोट्टीसाठी नव्हतं. ते माह्यासाठी होतं. त्यात तिचं काय भलं झालं? सूनबाई पीठ घेऊन आली तं तिले म्हटलं, आजपासून येक डाव तू, येक डाव मी.

येत्या सोमवारी पोट्टीले घेऊन येतो. तू लिव्हलं का नळीचं तोंड थोडा थोडा टाइम बंद करा लागते. किती टाइम ते पत्रात लिव्हू नको, अन् सूनबाईले सांगू नको. मागच्या बारीले मी दवाखान्याच्या बाहेर चिंचेखाली बसून राह्यलो. तू सूनबाईले शिकवलं, सूनबाईनं मले. या बारीले मले आत घेजो. पोट्टीच्या खाटेजवळ बसवजो, अन् माहा हात तिच्या छातीवर ठेवून मंग शिकवजो."

अंगठा त्यांचाच आहे.

भागीरथा